उचललेलं अंथरूण

बकुळ मला पहिल्यांदा नीट दिसली ती तिच्याच दारात. तिचा मुलगा मंदार माझ्या वर्गात होता आणि बरेच दिवस शाळेत आला नव्हता, म्हणून लक्ष्मी गेटजवळच्या त्यांच्या घरी मी चौकशीला गेले होते. कडी वाजवली. "आले, आले" असा आवाज आला, पण दार उघडेना. आत गादी गुंडाळली जात होती, खुर्ची ओढली जात होती. मग एका ठेंगण्या बाईने दार उघडलं आणि धापा टाकत, हसत म्हणाली, "या ना बाई."

खुर्चीत तिचे सासरे कोटाची बटणं लावून ताठ बसले होते. कपाळावरून घाम ओघळत होता. शेजारी पाटावर मंदार पुस्तक धरून बसला होता. दोघांनाही टायफॉइड झाला होता, हे मला चहा पिऊन झाल्यावर कळलं.

झाशीतल्या आमच्या जुन्या मराठी घरांत ही पद्धतच होती. बाहेरचं माणूस आलं की अंथरूण उचलायचं आणि आजाऱ्याला बसतं करायचं. अंथरुणात पडलेला माणूस परक्याला दाखवायचा नाही. हळूहळू सगळ्यांनी ती सोडली. बकुळने मात्र धरून ठेवली.

तिचे यजमान यज्ञेश्वरराव बिजौलीतल्या एका कारखान्यात हिशेब बघायचे. उंच, धिप्पाड माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. "बरं" एवढा एकच शब्द उरला. मंदार तोवर नोकरीसाठी हैदराबादला गेलेला. त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, चादर बदलणं, सगळं बकुळवर आलं. ती त्यांच्या खांद्यालाही पुरत नाही. पाठीवर कुणी काठी मारतंय असं वाटतं, म्हणायची, आणि लगेच म्हणायची, "पण भूक छान लागते हो त्यांना."

मागच्या वर्षी आमच्या भागात एक योजना आली. घरी खिळून असलेल्या वृद्धांसाठी रोज सकाळी दोन तास प्रशिक्षित बाई येणार, आंघोळ घालणार, जखमा बघणार. आधी कुणीतरी घरी येऊन पाहणी करणार. बकुळचं नाव मीच सांगितलं. पाहणीच्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेले आणि दारातच थांबले.

यज्ञेश्वरराव खुर्चीत होते. दाढी केलेली, अंगात कोट. छातीवरून एक उपरणं नेऊन खुर्चीच्या पाठीला करकचून बांधलं होतं आणि वरून शाल पांघरली होती. जानेवारी होता, शाल खटकण्यासारखी नव्हती. अंथरूण कुठेच नव्हतं. घरात शिऱ्याचा वास होता.

"सरळ बसा," बकुळ त्यांची मान ठीक करत म्हणत होती. "लग्नात बसला होतात त्यापेक्षा बरे दिसताय."

"बरं," ते म्हणाले.

"बकुळ, सोड त्यांना," मी म्हटलं. "घाल अंथरूण. आहे तसं बघू दे तिला."

"परक्या पोरीसमोर? कपडे काढून उभं केल्यासारखं होईल हो बाई. तोंडी सांगेन ना मी सगळं."

पाहणीला आलेली मुलगी गोड होती. बूट बाहेर काढून आली, दोघांच्या पाया पडली, शिरा दोनदा घेतला. मोबाइलवर एकेक प्रश्न वाचू लागली.

"अम्माजी, बाबूजी बैठ लेते हैं?"

बकुळने नवऱ्याकडे पाहिलं. ते ऐकत होते. त्यांच्या तोंडावर ती कसं सांगणार? "हाँ बेटी, बैठे तो हैं."

"आपको बहुत तकलीफ होती है?"

"अपने आदमी की क्या तकलीफ."

मग मुलीने त्या दोघांचा फोटो काढला. मी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले आणि उपरण्याचं सांगितलं. ती खरोखर खिन्न झाली. "मैडम, मुझे तो जो दिखा वही भरना है. फोटो भी चढ़ गया." आणि उतरता उतरता म्हणाली, "कितने अच्छे से रखा है अम्माजी ने."

परत आले तर बकुळ गाठ सोडत होती. ती सुटताच यज्ञेश्वरराव तिच्या अंगावर कलंडले. कोटाखाली उपरण्याचा लाल वळ उठला होता.

अर्ज नामंजूर झाला. बसू शकतात, घरात सांभाळणारी व्यक्ती सक्षम आहे, दोन वर्षं फेरपाहणी नाही. तोच फोटो बकुळने कौतुकाने मंदारला पाठवला होता. होळीला यायचं त्याचं ठरत होतं. त्याने उत्तर धाडलं, "बाबा एकदम मस्त दिसतायत. मग आता दिवाळीलाच येतो."

महाशिवरात्रीला प्रसाद द्यायला माणसं येतील म्हणून तिने त्यांना पुन्हा उठवायला घेतलं. ते तिच्या हातून सुटले आणि ती खाली सापडली. शेजाऱ्यांनी दार ढकललं तेव्हा बकुळ त्यांच्याखाली होती आणि ते "बरं, बरं" म्हणत रडत होते. तिच्या खुब्याचं हाड मोडलं. हृदयाकडे बघून डॉक्टरांनी ऑपरेशन टाळलं आणि तिला घरी पाठवलं. त्यांच्या खाटेशेजारी दुसरी खाट आली.

या वेळी बकुळसाठी पाहणी झाली. तीच मुलगी आली. बकुळने उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "माफ करना बेटी, बिस्तर पड़ा है." मुलीने डोळे पुसले आणि तिथल्या तिथे मंजुरी दिली.

"और इनका?" बकुळने शेजारच्या खाटेकडे बोट केलं.

"एक घर में एक ही, अम्माजी. और बाबूजी का तो..." तिने मोबाइल पुढे केला. कोटातले यज्ञेश्वरराव ताठ बसले होते.

"छान आलाय ना?" बकुळ मला म्हणाली. मी हो म्हटलं.

आता रोज सकाळी योजनेतली रेवती येते. हाताने हलकी आहे, बकुळची वेणीसुद्धा घालते. शेजारच्या खाटेला ती हात लावत नाही. लावला तर काम जाईल, असं तिला बजावलेलं आहे. यज्ञेश्वररावांसाठी दिवसाआड एक कंपाउंडर येतो. ज्या दिवशी तो येत नाही, त्या दिवशी खोलीत वास येतो. रेवती निघताना एक ओलं फडकं पिळून बकुळच्या उशाशी ठेवते. ते घेऊन बकुळ नवऱ्याला पुसते. तिचा हात त्यांच्या कोपरापर्यंत पोहोचतो.