कुशाबाई दाराबाहेर बसली

चऱ्होलीच्या कुशाबाईनं अर्ध्या गावाची बाळंतपणं केली होती. पहिलटकरणीचा नवरा दारात घुटमळू लागला की ती त्याला अंगणात हाकलायची. "तुजं हितं काय काम न्हाई. बाहीर बस." बाहेर बसलेल्याच्या जिवाचं काय होतं, हे तिला कळलं ते तांबीच्या दुखण्यात.

तांबी तिची कुत्री. नवरा वारल्यापासून घरात बोलायला तीच. त्या हिवाळ्यात तांबीच्या सडापाशी गाठ आली. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. हळदीचे लेप झाले, गाठ हटेना. चाकणच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "कापून काढावी लागेल, मावशी. बाजारच्या दिवशी आणा. आदल्या रात्रीपासून पोटात काही घालू नका."

कुशाबाईनं बाळंतिणीसारखी तयारी मांडली. जुन्या लुगड्याच्या चिंध्या उकळून उन्हात वाळवल्या, चुलीजवळ गोणपाटावर वाकळ अंथरली. अवघड गेलं ते उपाशी ठेवणं. तांबी रिकाम्या ताटलीपाशी बसून तिच्या तोंडाकडं बघत राहिली. "अशी बघू नगंस गं," म्हणून कुशाबाईनं भाकरीची दुरडी शेजाऱ्यांच्या घरी नेऊन ठेवली.

सकाळी शेजारचा सोनबा बाजाराला कांदा घेऊन निघाला होता. बैलगाडीपाशी तांबीला बघून तो हसला. "काकी, कुत्र्यापायी कुणी चाकण गाठतं व्हय?"

"तुज्या बायकूच्या उशाशी रातभर बसले, तवा इचारलंस का, का बसलीस म्हून?"

सोनबानं तांबीला उचलून गोण्यांवर ठेवलं.

दवाखान्यात तांबीला धरायला कुशाबाईच पुढं झाली. पण इतकी मुलं झेललेल्या त्या हातांना तांबीला सोडवेना. डॉक्टर हळूच म्हणाले, "मावशी, तुम्ही बाहेर बसा. गुंगीचं औषध देतो, तिला काही कळणार नाही."

दार लागलं. कुशाबाई पायरीवर बसली, उठली, पुन्हा बसली. आतून भांड्याचा आवाज आला तरी ती दाराला कान लावायची. 'किती जणांना हाकललं गं मी,' ती मनाशी म्हणाली.

दार उघडलं ते डॉक्टर हात पुसतच बाहेर आले. "गाठ सगळी निघाली. आत कुठं पसरलेली नव्हती."

कांदा विकून आलेल्या सोनबानं कुशाबाईला हात देऊन उठवलं.

घरी तांबी टाके चाटू बघायची. मग कुशाबाईनं एका टोपलीचं बूड कापलं आणि ती टोपली तांबीच्या गळ्यात अडकवली. त्या थाटात तांबी बाहेर निघाली आणि दारातच अडकली. शेजारच्या बायका हसल्या, आणि कितीतरी दिवसांनी कुशाबाईही पोट धरून हसली. पेजेवरून तांबी दूधभाकरीवर आली, शेपूट हलवू लागली.

दोन बाजार उलटल्यावर चाकणला टाके काढून डॉक्टर म्हणाले, "आता निर्धास्त राहा." परतताना सोनबा बाजारातलं काहीबाही सांगत होता. मागून हुंकार येईना म्हणून त्यानं वळून पाहिलं. तांबीच्या पाठीवर हात टाकून कुशाबाई गाढ झोपली होती. त्यानं बैलांचा वेग कमी केला.