आधी वाफा, मग विहीर

पुण्यातल्या कुठल्याही सभागृहात डॉक्टरांची परिषद असो नाहीतर एखाद्या बिल्डरच्या नव्या स्कीमचा सोहळा, आमची कंपनी तिथे पडदे लावायला गेली की पडद्यावर सगळ्यात आधी झळकायच्या त्या शेवाळेकाकू. हिरवं नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू, मागे कोथिंबिरीचा वाफा आणि चेहऱ्यावर ‘आटपा लवकर, दूध उतू जातंय’ असा भाव. हा फोटो आमच्या नाना शेवाळ्यांनी स्वतः काढलेला होता आणि तो असलेला पेनड्राइव्ह ते जानव्यासारखा गळ्यात घालून हिंडायचे.

“लुगडं हिरवं आन कुंकू लाल दिसलं की समजायचं, वायर नीट हाय, रंग नीट हाय,” नाना म्हणायचे. “कुंकू जांभळं दिसलं तर कामाला हात लावायचा न्हाई. आधी ते लाल करायचं.”

यावर सभागृहातली माणसं हसायची. एकदा एका मॅनेजरबाईंनी “या कोण, तुमच्या ब्रँड अँबॅसिडर का?” असं खोचकपणे विचारलं. नानांनी शांतपणे “व्हय, तीस वर्षांचं काँट्रॅक्ट हाय,” म्हणून सांगितलं.

नाना मूळचे हडपसरचे. मुठेच्या कालव्याला लागून त्यांचं शेत होतं. शेतावर इमारती आल्या तेव्हा ते मांडववाल्याचा टेम्पो चालवायला लागले. टेम्पोतून टीव्ही वाहता वाहता टीव्हीच्या वायरी जोडायला शिकले आणि पन्नाशीत आमच्या कंपनीत मॅट्रिक्स स्विचरवर येऊन बसले. हे यंत्र म्हणजे एक चपटी पेटी. तिच्यात एकीकडून लॅपटॉप आणि कॅमेऱ्यांच्या वायरी शिरतात, दुसरीकडून पडद्यांकडे जाणाऱ्या वायरी निघतात. पुढे एक ते आठ आकड्यांची बटणं. दोन आकडे दाबले की हवं ते चित्र हव्या त्या पडद्यावर.

मी कोथरूडची, इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली. पहिल्या दिवशी मी फाईल उघडून नानांना सिग्नलचा वेग वगैरे सांगायला लागले. त्यांनी ते सगळं अगदी आदराने ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, शेतात कधी दारं धरलीत का? पाणी ह्या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवलंय का?”

“नाही हो. कोथरूडला कुठलं आलंय शेत?”

“होतं की,” नाना म्हणाले. “तुमच्या सोसायटीखाली हाय.”

मग त्यांनी चौकटीच्या वहीचं एक पान माझ्यापुढे ठेवलं. डावीकडे वरून खाली विहिरी, म्हणजे चित्र पाठवणारी यंत्रं. वरच्या ओळीत वाफे, म्हणजे पडदे. ज्या विहिरीचं पाणी ज्या वाफ्याला, त्या चौकटीत पेन्सिलीचा ठिपका. माझ्या पुस्तकात चार पानं खाल्लेली गोष्ट या माणसाने एका पानावर आणली होती आणि तीही एक इंग्रजी शब्द न वापरता! खरं सांगते, मला माझ्या फाईलची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी ती घरी ठेवून आले.

नानांचं सगळं शास्त्र पाण्याचं होतं. सुरू करताना आधी पडदे, मग पेटी, मग लॅपटॉप. का, तर “वाफा तयार नसताना विहीर चालू केली तर पाणी जातं कुठं?” बटणं दाबताना आधी पडद्याचा आकडा, मग चित्राचा. “आधी वाफा, मग विहीर. आधी कुठं ते ठरव, मग काय ते ठरव.” हे त्यांनी माझ्याकडून इतकं घोटून घेतलं, की रिक्षात बसल्या बसल्या माझी बोटं मांडीवर आकडे दाबायची. आई म्हणायची, “हिला काय झालंय?”

एकदा एक साहेब नवा कोरा लॅपटॉप घेऊन आले. जोडला, तर पडदा काळा ठिक्कर. साहेब फुशारकीने म्हणाले, “आमचा लॅपटॉप अगदी लेटेस्ट आहे. तुमचंच काहीतरी जुनं असणार.” नाना म्हणाले, “खरं हाय साहेब. तुमचा लॅपटॉप पुरणपोळ्या वाढतोय, आन आमच्या पडद्याला मऊ भात पचतो. पडद्याला काय पचतं ते इचारून मगच ताट वाढावं.” त्यांनी पेटीला पडद्याची ताकद वाचायला लावली, ती साठवून ठेवली, आणि तीन सेकंदांत साहेबांचा आलेख पडद्यावर! साहेबांनी टाळी वाजवली. मी तर जवळजवळ उडीच मारली. अशा वेळी नाना फक्त टोपी जराशी मागे सारायचे.

पण नाना खरे कोण होते, ते मला कळलं मूकबधिर शाळेच्या गॅदरिंगला.

त्या शाळेच्या वैशालीबाई आमच्याकडे आल्या तेव्हा जरा संकोचलेल्या होत्या. त्यांची बावीस मुलं लेझीम खेळणार होती. मुलांना ढोल ऐकू येत नाही. बाई समोर उभ्या राहून हातांनी ठेका देतात आणि मुलं तो पाहून खेळतात. “दर वर्षी लोक माझ्याकडेच बघतात हो,” बाई म्हणाल्या. “किती मेहनत घेतात बाई, असं म्हणतात. मेहनत मुलांची असते. यंदा पहिल्यांदाच मोठं सभागृह मिळालंय. मी दिसायला नको, फक्त मुलं दिसायला हवीत. असं काही करता येईल का?”

“येईल की,” नाना म्हणाले. त्यांनी विचारसुद्धा केला नाही.

बेत असा ठरला. बाई विंगेत एका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून ठेका देणार. त्यांचं चित्र रंगमंचाच्या पायाशी, मुलांकडे तोंड करून ठेवलेल्या दोन टीव्हींवर दिसणार. प्रेक्षकांना ते टीव्ही दिसणार नाहीत. त्यांना दिसतील फक्त बावीस लेझिमी.

पहिल्या तालमीला बाईंचा कॅमेरा आम्ही बिनवायरीच्या यंत्राने जोडला होता. मुलं झकास खेळत होती, पण ऐकायला काहीतरी खटकत होतं. नाना डोळे मिटून उभे राहिले. गावच्या जत्रेत लेझीम खेळलेला माणूस तो. “ढोल पुढं हाय, लेझीम मागं हाय,” ते म्हणाले. “पोरं चुकत न्हाईत. पाणीच उशिरा पोचतंय.” बिनवायरीच्या यंत्रातून चित्र कणभर उशिरा येत होतं. तेवढ्या कणाने ठेका मोडत होता. नानांनी गुडघे धरत, कण्हत विंगेपासून आमच्या टेबलापर्यंत लांबलचक वायर टाकली. पुन्हा ढोल सुरू झाला आणि बावीस लेझिमी एकाच क्षणी छन्न वाजल्या! बाई विंगेतून धावत आल्या आणि नानांच्या पाया पडायला वाकल्या. नाना घाबरून दोन पावलं मागे सरले.

त्यानंतरच्या तिन्ही तालमींना नाना टीव्हींपाशी बसून राहिले. “वायरीवर कुणाचा पाय पडंल,” असं कारण सांगायचे. पण त्यांचे हात मांडीवर बाईंच्या हातांबरोबर हलायचे, ते मी लांबून पाहिलं होतं.

गॅदरिंगच्या दिवशी दुपारी आमच्या पेटीने मान टाकली. कंपनीने तासाभरात दुसरी पाठवली. तिच्यात बटणांचा क्रम उलटा होता. आधी चित्र, मग पडदा. नानांनी ते तपासलं, मला दोनदा सांगितलं आणि पेटीवर कागद चिकटवला: ‘आधी विहीर, मग वाफा’. मग ते खाली टीव्हींपाशी जाऊन बसले. सभागृहाच्या मागच्या टोकाला, टेबलापाशी मी एकटी होते.

चित्रं तीन. एक नंबरला लॅपटॉपवरचं शाळेचं बोधचिन्ह, दोनला बाई, तीनला रंगमंचावरचा कॅमेरा. पडदेही तीन. एक मोठा पडदा, दोन नंबरचा बाहेर व्हरांड्यातला टीव्ही, तीन म्हणजे मुलांचे टीव्ही.

ढोल सुरू झाला. मुलं काय खेळत होती! तिसऱ्या रांगेतले आजोबा उभे राहून बघत होते. हे सगळं मोठ्या पडद्यावर दिसायलाच हवं, असं वाटून मी भारावून गेले आणि बोटांनी सवयीने दाबलं: एक, तीन. मोठ्या पडद्याला रंगमंचाचा कॅमेरा.

पण या पेटीच्या भाषेत त्याचा अर्थ होता, एक नंबरचं चित्र तीन नंबरच्या पडद्याला. मुलांच्या टीव्हींवरून बाई नाहीशा झाल्या आणि तिथे शाळेचं बोधचिन्ह आलं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी लेझीम वर धरून तशीच थांबली. शेजारच्याने तिच्याकडे पाहिलं. बाईंना परत आणायला मी घाईघाईने दाबलं: तीन, दोन. पुन्हा उलटं! व्हरांड्यातला टीव्ही बदलला, मुलांचा तसाच. ढोल वाजत होता आणि लेझिमी सांडल्यासारख्या कशाही वाजू लागल्या. विंगेत बाई काहीच माहीत नसल्याने ठेका देत होत्या. शेवटी त्याच बाई पुढे येणार आणि लोक पुन्हा मुलांना सोडून त्यांच्याकडेच बघणार, आणि हे सगळं माझ्यामुळे, एवढंच मला कळत होतं.

तेवढ्यात रंगमंचाच्या पायाशी एक पांढरी टोपी वर आली. नाना उठले होते. दोन टीव्हींच्या मध्ये, प्रेक्षकांकडे पाठ करून ते उभे राहिले आणि हातात लेझीम असल्यासारखे खेळायला लागले. एक, दोन, खाली वाक, वर ये. जिना चढताना दर पायरीला देवाचं नाव घेणारा माणूस तो! गुडघ्यांतून वाकत होता, उठत होता. थांबलेल्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, हसली, आणि तिची लेझीम खाली आली. मग दुसरी, मग सगळी रांग. छन्न!

तेव्हा कुठे माझी नजर चिकटवलेल्या कागदावर गेली. आधी विहीर. दोन, तीन. बाई टीव्हीवर परत आल्या. नानांनी ते बघितलं, जागच्या जागी खाली बसले आणि टोपी मागे सारली.

टाळ्यांनी सभागृह दणाणून गेलं. मुलं टाळ्या वाजवत नाहीत, दोन्ही हात वर करून हलवतात. बावीस मुलांचे चव्वेचाळीस हात नानांच्या दिशेने हलत होते. बाईंनी त्यांना ओढतच रंगमंचावर नेलं. मी आकडे मनात दोनदा म्हणून त्यांना मोठ्या पडद्यावर घेतलं. आता हा माणूस भाषण करणार, म्हणून सगळे शांत झाले. नानांनी वळून मोठ्या पडद्याकडे पाहिलं आणि सभागृहाच्या टोकाला मला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “पोरी, पडदा हिरवा मारतोय! मी एवढा हिरवा हाय का?”

सभागृह खो खो हसलं. बाईंनी ते वाक्य मुलांना खुणांनी सांगितलं, आणि मग मुलं हसली. एकाच विनोदाला दोनदा हशा मिळाल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सामान भरताना मी रडले. म्हटलं, “नाना, माझी चूक झाली. तुम्ही दोनदा सांगितलं होतं.”

“दोनदाच सांगितलं. उलटं मात्र वर्षभर घोटून घेतलं,” ते वायर गुंडाळत म्हणाले. “मग चूक कुणाची? आता एवढं ध्यानात ठेव. यंत्र बदललं की आपण नवशिके. हात जोडून इचारायचं, बाबा, तुझी रीत काय?”

पुढच्या वर्षी गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला आणि नाना घरी बसले. निघताना त्यांनी गळ्यातला पेनड्राइव्ह काढून माझ्या गळ्यात घातला. पण शाळेच्या गॅदरिंगच्या दिवशी, सगळं जोडून झालं की त्यांचा फोन ठरलेला. रामराम नाही, कशी आहेस नाही. थेट, “कुंकू लाल दिसतंय का?”

“दिसतंय, नाना.”

“मग सोड पाणी.”

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. झोपेतच गेले, कुणाला उठायचाही त्रास दिला नाही. मी हडपसरला जाऊन आले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे बघवेना, म्हणून मी कोपऱ्यातल्या वहीकडे बघत राहिले. चौकटीच्या पानावर पेन्सिलीचे ठिपके होते.

यंदा गॅदरिंगला पेटी पुन्हा नवीन होती. मी हात जोडून तिची रीत विचारून घेतली. विंगेपासून वायर टाकली, मुलांचे टीव्ही लावले, पेनड्राइव्ह जोडला. मोठ्या पडद्यावर काकू आल्या. तेवढ्यात फोन वाजला आणि त्यावर ‘नाना’ हे नाव दिसलं. मी तो उचलला.

“अगं, मी बोलतेय,” काकूंचा आवाज आला. “ह्यांनी सांगून ठेवलंय, आजच्या दिवशी तुला इचारायचं म्हणून. कुंकू लाल दिसतंय का गं?”

मी वर पाहिलं. सबंध पडदाभर ते कुंकू होतं.

“लाल दिसतंय, काकू. अगदी लाल.”

त्या म्हणाल्या, “मग सोड पाणी.”