आबांचं माप कायम

माफी मागूनच सुरुवात करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आमच्याकडे लिहिण्याजोगं काही घडतं असं मला अजूनही ठामपणे म्हणवत नाही. पण आबांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल, दुसरं कोणी लिहिणार नाही.

आम्ही शिंदखेड्याकडचे. आबा सातपुड्याच्या जंगलात रोजंदारीवर मोजणीला जात. सागाच्या खोडाला छातीइतक्या उंचीवर टेप गुंडाळायची आणि घेर ओरडून सांगायचा. त्यावरून लाकूड किती निघेल, कुठला भाग कधी तोडायचा, हे साहेब लोक ठरवत. माझ्या जन्माआधीपासून आबा रोजंदारीवरच होते. आईचं देवापुढे एकच मागणं असे: यांना कायम होऊ दे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी जळगावला बी.एस्सी. करत होतो. तेव्हा मोठ्या शहरातून एक साहेब लेझरचं यंत्र घेऊन आले. उपग्रहाच्या फोटोत जंगल कुठवर पसरलंय ते दिसे, झाडांची उंची कळत नसे. ती आता खाली उभं राहून मोजता येणार होती. शेंड्यावर किरण सोडला की उंचीचा, बुंध्यावर सोडला की घेराचा आकडा यंत्रात उमटे. आईनं ऐकलं ते लेझीम. "जंगलमा लेझीम कोन खेयस?" तिनं विचारलं.

सुट्टीत मीही आबांबरोबर गेलो. यंत्र बरोबर सांगतं का, हे आधी तपासायचं होतं. आबांनी शेंड्यापर्यंत चढून टेप खाली सोडायची, मग तेच झाड यंत्रानं मोजायचं.

"साहेब, तो किरण लागस का?" आबांनी विचारलं.

साहेबांच्या आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसचा क्लार्क बोलला. "लागतो तर! डोळ्यात गेला की बुबुळ शिजतं. मिटून चढा, आबा."

"आनि मुंगळा चावनात तर?"

"त्यांनाही डोळे मिटायला सांगा!"

सगळे हसले. साहेबही.

"आबा, ते गंमत करताहेत," मी हळूच म्हणालो.

"तू गप ऱ्हाय. साहेब लोकेसना काममा बोलू नको."

आबा डोळे मिटून चढले. फांदी हातानं चाचपायची, मग पाय ठेवायचा. खालून क्लार्क ओरडत होता, "आबा, किरण आला, किरण!" तसे आबा खोडाला तोंड लावून चिकटत. यंत्र अजून पेटीतच होतं.

खाली उतरले तेव्हा नडग्या सोललेल्या, मानेवर मुंगळे. पण टेपचा आकडा आणि यंत्राचा आकडा जुळला. साहेब खूश झाले. सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "छान! आबांचं माप कायम!"

आकडा पक्का, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आमच्या घरात 'कायम'ला एकच अर्थ होता.

"मी कायम व्हयनू," आबा मला म्हणाले. मीही ऐकलं होतं, मलाही तेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी आबा पेढे घेऊन ऑफिसात गेले. आत शिरताना चपला बाहेर काढल्या. "कायम झालो साहेब," म्हणत प्रत्येकासमोर खोका धरला. क्लार्कनं आधी शेजाऱ्याकडे पाहिलं, मग दोन पेढे उचलले. "एक कायम झाल्याचा, एक पेन्शनचा." कोणीतरी गार्डची टोपी आबांच्या डोक्यावर ठेवली, सलाम करायला लावला. आबांनी केला. पुन्हा एकदा करायला लावला. पेढे संपले, पण खरं कोणी सांगितलं नाही.

मी जळगावला परतलो. होस्टेलवर मीही पोरांना सांगितलं, आमचे आबा कायम झाले. घरी आबांनी खाकी शर्ट शिवून घेतला होता. ऑर्डर येईल म्हणून दिवाळीपर्यंत तो घडीतच ठेवला.

दिवाळीनंतर मोजणी पुन्हा सुरू व्हायची. तेव्हा काय झालं ते मला उशिरा कळलं. आमच्या गल्लीतले एक नाना कामासाठी जळगावला आले होते. होस्टेलच्या दारात उभे राहून, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं.

"तुना आबा नवा शर्ट घालीसन गयथा. फाटकवरथीनच परत धाडं. आते मोजनीले मानूस नको म्हने. मशीन कायम व्हयनं."