तिसऱ्या मजल्यावरचं प्रेशर

आमच्या घरात चपलांच्या कपाटावर वायफायचा डबा आहे. तो बसवायला आलेल्या माणसाने जाताना माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. म्हणाला, "साहेब, घरात कोणाकोणाचं नेट चालू आहे ते यात दिसेल. ज्याचं नको असेल त्याचं बंद करायचं. वेळ लावून ठेवली तर रोज आपोआप बंद होतं. पोरांसाठी बरं पडतं."

मुलगी दहावीत होती. तिच्यासाठी उपयोगी पडेल म्हणून मी ते शिकून घेतलं. यादीत चार मोबाईल आणि एक लॅपटॉप. प्रत्येकाला मी नाव दिलं. नावाशेजारी एक हिरवा ठिपका. दाबला की करडा होतो.

मुलीसाठी ते बटण मी एकदाही दाबलं नाही. आईसाठी दाबलं. हे मी परवापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

वडील गेल्यावर आई सटाण्याकडच्या आमच्या गावाहून नाशिकला आली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट आहे पण तिला भीती वाटते, त्यामुळे खाली जाणं कमीच. तिचं सगळं मन संध्याकाळकडे लागलेलं असायचं. संध्याकाळी मावशीचा फोन.

मावशी आईहून मोठी. आई तिला अक्का म्हणते. मावशीला खूप कमी ऐकू येतं, पण समोरच्याचं तोंड दिसलं की ओठांवरून तिला बरोबर कळतं. म्हणून साध्या फोनचा काही उपयोग नव्हता, व्हिडिओ कॉलच लागायचा. मावशीकडे स्वतःचा मोबाईल नाही. मावसभाऊ शेतातून घरी आला की त्याचा मोबाईल त्याची बायको मावशीसमोर धरायची. म्हणजे सातच्या सुमारास. त्याच्या आधी नाही, नंतर मावशी झोपून जायची.

आणि आईच्या मोबाईलवर डेटा नव्हता. तेही माझंच डोकं. "घरातच असतेस, वायफाय आहे, डेटा कशाला हवा?" असं म्हणून मी तिला नुसत्या बोलण्याचा रिचार्ज मारून दिला होता.

फोन लागला की आईचा आवाज बदलायचा. आमच्याशी ती जपून, अर्धं शहरी बोलते. अक्काशी अहिराणी. तेही ओरडून, कारण समोरच्याला ऐकू येत नसलं की आपण ओरडतोच.

"अक्का! जेवनी का? काय करी ऱ्हायनी? कांदा निंदाई ग्या का?"

मग दोघी हसायच्या. गावातल्या अर्ध्या लोकांची पाठ सोलून निघायची. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "आज कोणाचा नंबर लागला?" आई पदर तोंडाला लावायची. "तुझाच. तुझी भाजी खारट झाली ते सांगते."

मी सातपूरला एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. त्या वर्षी पुण्याच्या मुख्य ऑफिसने संध्याकाळची मीटिंग सुरू केली, मोबाईलवर, घरूनच. सात वाजता. मी बेडरूमचं दार लावून बसायचो, पण आमच्या भिंती काय आणि आईचा आवाज काय. एकदा मी दराबद्दल बोलत असताना पुण्याचा एक जण हसत म्हणाला, "साहेब, मागे भांडण चाललंय का? कुठली भाषा आहे ही?"

सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "शेजारचे आहेत हो. रोजचंच आहे त्यांचं."

आता ते आठवलं की बसल्या जागी अंग चोरावंसं वाटतं. मी अकरावीला नाशिकला आलो तेव्हा वर्गात एकदा 'मला'ऐवजी तोंडातून 'माले' निघालं होतं आणि बाकं हसली होती. त्यानंतर मी ती भाषा जिभेवरून खरवडून काढली. सुट्टीत गावी गेल्यावर 'माय' म्हणायचं सोडून 'आई' म्हणायला लागलो. तिने एकदा विचारलं होतं, "आई कोण?" आणि हसून सोडून दिलं होतं.

त्या मीटिंगनंतर मी ॲप उघडलं. 'आई' या नावापुढे सात ते नऊ अशी वेळ लावली. एवढंच. एका आठवड्यासाठी, असं मनाशी म्हणालो. मीटिंगमधली माणसं ते जरा विसरली की काढून टाकू.

दुसऱ्या दिवशी मीटिंग संपवून दार उघडलं तर आई मोबाईल घेऊन उभी. ती मला भाऊच म्हणते. "भाऊ, बघ ना रे. हाई फिरीच ऱ्हायनं."

स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत होतं. मी मोबाईल हातात घेतला. बंद करून चालू केला. वायफायच्या नावावर बोट ठेवलं, काढलं. शोधतोय असं दाखवलं. बटण दाबण्यापेक्षा हे दाखवणं मला जास्त खुपतं. तिने माझ्याकडे इतक्या भरवशाने बघितलं होतं, जणू मी डॉक्टर आहे.

मी म्हणालो, "आई, संध्याकाळी सगळी कॉलनी नेट लावते ना. आपण तिसऱ्या मजल्यावर. वर प्रेशर कमी येतं, तुझ्या जुन्या मोबाईलला तर पुरतच नाही."

"पाण्यासारखं?"

"हो. तसंच."

तिला ते लगेच पटलं. आमच्याकडे सकाळी खालच्यांनी नळ सोडले की वरच्यांची धार करंगळीएवढी होते, ते ती रोज बघत होती. पटलं आणि तिने ते मनावरही घेतलं. दुपारी घरात कोणी नसताना ती मोबाईल नेऊन वायफायच्या डब्याला टेकवून ठेवायला लागली. बायकोने विचारलं तर म्हणाली, "आता प्रेशर चांगलं शे. भरी ठेवस. संध्याकाळी कामाला येईल." जसे हंडे भरून ठेवतात तसं. आम्ही सगळे हसलो. मुलगी तर पोट धरून हसली आणि मैत्रिणींना सांगितलं. मीही हसलो.

मुलीने एकदा उपाय काढला. "आजी, माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट घे ना."

मी पटकन म्हणालो, "दिवसाला दीड जीबी मिळतो तुला. तो संपला तर क्लासचे व्हिडिओ कुठे बघणार?"

"वायफायवर."

"प्रेशर कमी असतं ना," असं मी नाही म्हणालो. आईच म्हणाली. "नको गं, तुझं कमी होईल. अभ्यास कर." आणि ती आपल्या कॉटवर जाऊन बसली. काही दिवसांनी तिने दुसरं एक सुरू केलं. मुलगी अभ्यासाला बसली की स्वतःच्या मोबाईलचं वायफाय ती आपणहून बंद करायची. नातीला पूर्ण धार मिळावी म्हणून.

तिने साधे फोन करून बघितले. मावशी पलीकडून नुसतं "हां, हां" करायची. आई ओरडून काय विचारायची आणि तिकडून भलतंच उत्तर यायचं. मग तेही कमी झालं.

आठवड्याचे महिने झाले. मीटिंग शांतपणे होत होती. खरं सांगायचं तर मला विसरही पडला होता. वाईट काम रोज करावं लागलं तर माणसाला निदान त्याची आठवण राहते. मी एकदाच केलं होतं, बाकी सगळं आपोआप होत होतं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी मावसभावाचा फोन आला. मावशीला अर्धांगाचा झटका आला होता, मालेगावच्या दवाखान्यात ठेवली होती. मी आईला घेऊन निघालो. नाशिकमध्येच, द्वारकेच्या चौकात, सिग्नलला गाडी अडकली. आई शेजारी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "संक्रांतीला तिचं तोंड बी पाहिलं नाही मी."

मी तिथेच, स्टेअरिंगखाली मोबाईल धरून, ॲपमधली ती वेळ काढून टाकली. 'सात ते नऊ' पुसलं गेलं. मागून हॉर्न वाजायला लागले.

मावशी वाचली. उजवा हात गेला, वाचा गेली. ओळखते सगळ्यांना, ओठ वाचते, कळतं सगळं. बोलता येत नाही.

ती घरी आल्यावर पुन्हा व्हिडिओ कॉल सुरू झाले. पहिल्याच संध्याकाळी आई खुशीत म्हणाली, "भाऊ, आता प्रेशर आलं बघ. खालच्यांनी कमी लावलं वाटतं." मी हो म्हणालो. पुण्याची मीटिंग तोवर बंदही झाली होती. आई बोलायची, जुनंच सगळं, कांदा, जेवण, कोणाची सून. पलीकडे मावशी नुसती बघायची. पूर्वी दोघी हसायच्या तिथे आता आई एकटी हसून थांबायची.

हे असंच चाललं. आणि परवा, उन्हाळ्यातल्या वादळाने संध्याकाळी लाईट गेली. डबा बंद. आई मोबाईल हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "राहू दे, उद्या करीन."

बायको आणि मुलगी बाहेर गेल्या होत्या. मी म्हणालो, "थांब, माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट देतो."

"तुझं कमी होईल."

"होऊ दे."

तिच्या मोबाईलमध्ये माझं नाव शोधलं, पासवर्ड टाकला. जोडलं गेलं. तिने अंधारात त्या चिन्हाकडे बघितलं. मग गॅलरीतून खाली बघितलं. पूर्ण कॉलनी काळी आणि प्रत्येक गॅलरीत मोबाईलचा उजेड.

"लाईट नाही तर आता सगळे मोबाईलवरच असतील ना रे?"

"हो."

"मग आता तर प्रेशर लयच कमी पाहिजे."

मी माझा मोबाईल खिशात टाकला.

"आपण तर तिसऱ्या मजल्यावरच शे अजून," ती म्हणाली. तिला संशय नव्हता. ती खरंच हिशोब जुळवत होती, आणि तो जुळत नव्हता. "मग तवा हे असं तुझं का नाही दिलं? ध्यानात नाही आलं का?"

तिने मला पळवाटही स्वतःच काढून दिली होती. हो, ध्यानात नाही आलं, एवढं म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आई, प्रेशर वगैरे काही नसतं. तुझं नेट मी बंद करून ठेवलं होतं."

मग सगळं सांगितलं. मीटिंग, ते हसणं, शेजारचे आहेत म्हणालो ते. ती ऐकत होती. मध्ये एकदाच म्हणाली, "शेजारचे?" मी हो म्हणालो.

मला वाटलं रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. दोन्ही केलं नाही. म्हणाली, "अक्का माझ्यावर रागावली होती. तुला माहीत नाही. सुनेकडून निरोप दिला होता तिने, तू शहरनी व्हई गई, बहीणनं तोंड देखाले टाईम नही तुले." ती थांबली. "मी म्हटलं, प्रेशर नाही अक्का. तिला कसं समजेल प्रेशर? त्याच्यानंतर तर तिची वाचाच गेली. ती काय धरून बसली, मला काय माहीत?"

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी दोघींचं बोलणं तोडलं एवढंच धरून चाललो होतो. आई रोज संध्याकाळी त्या गप्प चेहऱ्यासमोर बसून काय शोधत होती ते आता कळलं.

तिने फोन लावला. भावजयीने, म्हणजे मावसभावाच्या बायकोने, उचलला, मोबाईल मावशीसमोर धरला. आईने आपला मोबाईल माझ्या हातात दिला.

"तिला सांग."

"मी काय सांगू आई?"

"मला सांगितलं तेच. बॅटरी लाव तोंडावर, ओठ दिसू दे. आणि तिला कळेल असं बोल."

मी माझ्या मोबाईलची बॅटरी लावून स्वतःच्या तोंडावर धरली. डोळे दिपले. पलीकडे मावशीचा एका बाजूला ओढलेला चेहरा, वाट बघणारा. तीस वर्षांत जे शब्द काढले नव्हते ते शोधायला लागलो. "मावशी," मी म्हणालो, "मायनी काही चूक नही. नेट मीच बंद करेल व्हतं. माले लाज वाटे." मग पुन्हा म्हणालो, सावकाश, ओठ मोठे करून. "मायले माहीत नव्हतं. ती रोज तुनी वाट देखे."

भावजय मागून म्हणाली, "अगं बाई."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मग डावा हात हळूहळू वर आला आणि उघडा पंजा मोबाईलच्या अगदी जवळ येऊन थांबला. लहानपणी चुलीजवळून गूळ उचलला की ती असाच हात उगारायची. स्क्रीनभर तो पंजाच दिसत होता. आईने वाकून बघितलं आणि म्हणाली, "मार अक्का, आखो एक मार."

मग तिने मोबाईल माझ्याकडून काढून घेतला आणि मावशीकडे नुसती बघत राहिली. पंजा खाली गेला होता. मावशी तिच्याकडे बघत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. आई म्हणाली, "हां. हां, अक्का." काय कळलं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी उठून आत जाणार होतो. पण हॉटस्पॉट माझ्या खिशात होतं. लांब गेलो तर कॉल तुटला असता. तिथेच गॅलरीत तिच्या शेजारी बसून राहिलो आणि त्या दोघींचं सगळं ऐकलं.

लाईट आल्यावर आईने विचारलं, "ते दाखव, कुठे दाबलं होतं?"

मी ॲप उघडून दिलं. 'आई', शेजारी हिरवा ठिपका. तिने चष्मा लावून वाचलं.

"हे दाबलं का मी बंद?"

"हो."

तिने बोट त्याच्यावर नेलं, दाबलं नाही. मोबाईल परत दिला. म्हणाली, "हे काढून टाक."

मी ते ॲप काढून टाकलं. आता पासवर्ड बदलायचा झाला तरी त्या वायफायवाल्याला बोलवावं लागेल. आई त्या रात्री माझ्याशी बोलली नाही, जेवताना फक्त भाकरी वाढली. काल संध्याकाळी तिच्या खोलीतून पुन्हा ओरडणं ऐकू आलं, "अक्का! दखाड त्याले, तुना हात दखाड!" आणि मग मला हाक, "भाऊ, इकडे ये. ती हात उगारून बसलीय."