लीजच्या दोन मशीन आणि कादिरभाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला सांगितलं असतं तर — जाऊ द्या. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

स्वभावानं मी संशयी. चहात साखर कमी पडली तरी वाटायचं, मुद्दामच केलंय. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी हिशेब बघायचो, आणि तिथं हा गुणच समजला जायचा. शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, ह्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

बँकेच्या कर्जाच्या करारात एक कलम होतं. कारखान्यानं लीजवर, म्हणजे भाड्यानं, मशीन घ्यायच्या तर वर्षाचं एकूण भाडं ठरलेल्या मर्यादेतच राहिलं पाहिजे. पलीकडे जायचं तर आधी बँकेची लेखी परवानगी. आम्ही ती मर्यादा गाठली होती. तरी शेठनी आणखी दोन मशीन लीजवर आणल्या आणि मला म्हणाले, बघून घ्या. मी बघून घेतलं — मशीन आमच्याच मालकीच्या आहेत, असं बँकेला लिहून दिलं.

दोन्ही मशीनवर लीज कंपनीच्या नावाची पितळी पट्टी होती. बँकेचे साहेब पाहणीला यायच्या आदल्या दिवशी मी त्या पट्ट्या काढल्या. स्क्रू-ड्रायव्हर दिला कादिरभाईंनी. ते आमचे फोरमन, चौदा वर्षांपासूनचे. त्यांनी काहीच विचारलं नाही, आणि तेच मला खुपलं. माणूस विचारत का नाही? मनात काय आहे ह्याच्या?

पाहणीच्या दिवशी कादिरभाई फाटकापाशी बँकेच्या साहेबांशी हसून बोलत होते. मी खिडकीतून बघत होतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

आठवड्यानं बँकेचं पत्र आलं. त्या दोन मशीन लीजच्या आहेत, खुलासा करा. शेठ भडकले. कुणी सांगितलं? मी — अजूनही लिहिताना हात अडतो — मी म्हणालो, कादिरभाई बोलत होते त्या साहेबांशी. एवढंच म्हणालो. एवढं पुरेल, हे मला ठाऊक होतं. शेठनी त्यांचं काहीएक ऐकून घेतलं नाही. शनिवारपासून येऊ नका म्हणाले.

त्याच दुपारी खुलासा लिहायला मी फाईल काढली. बँकेला पाठवलेल्या कागदांच्या प्रतींमध्ये त्या मशीनच्या विम्याची पॉलिसी होती. तिच्यावर मालक म्हणून लीज कंपनीचं नाव. आणि पाठवली कुणी? मीच, माझ्या सहीच्या पत्रासोबत. सगळ्या जगाचे कागद तपासणाऱ्यानं स्वतःचा कागद वाचला नव्हता.

शनिवारला तीन दिवस होते. शेठची केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. मी गेलो नाही. भीती नोकरीची होतीच, पण खरं सांगू? नजरेतून काही सुटत नाही, हे ऐकायला मला फार आवडायचं. ती प्रत मी फाडून टाकली.

निघताना कादिरभाईंनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. ह्यांना कळलंय, मला वाटलं. बँकेकडे चुगली करणारा माणूस म्हणून त्यांचं नाव सगळ्या एमआयडीसीत झालं, पुन्हा कुठं कायमचं काम लागलं नाही. मी त्यांना दिसू नये म्हणून वर्षानुवर्षं रस्ते बदलत राहिलो.

परवा क्रांती चौकात त्यांनीच मला गाठलं. पार थकलेत. मी त्यांच्या चेहऱ्यावर काय काय शोधत होतो, आणि ते म्हणाले, "साब, तवा मला समद्यांवर शक आला. वॉचमनवर, शेठवर, समद्यांवर. तुमच्यावर नाय आला. माझ्यासाठी तुम्ही एकटेच शेठशी भांडला असाल. भांडला व्हता ना?"

मी हो म्हणालो.