आईच्या तुपाची बरणी घेऊन बिबवेवाडीच्या लॅबमध्ये

रजा मंजूर झाली त्याच संध्याकाळी गांधीधामहून पुण्याची ट्रॅव्हल्स पकडली. कुणी जाणार असेल तर खालची सीट घ्या, वर पोटात ढवळतं. मी इथे बंदराजवळच्या गोदामात पोती लावतो. शाळा नववीत सुटली, मग असंच काम मिळतं. या वेळी परत यायचंच नाही, असं मनाशी धरून निघालो होतो. सदाशिव पेठेतल्या एका दुकानदाराने आईचं तूप चाखून फोन केला होता, ‘लॅबचा रिपोर्ट स्वच्छ आणा, दर आठवड्याला घेऊ.’ तेवढं जमलं तर आमच्या म्हशी राहणार होत्या, आणि मीही. नाहीतर आई म्हशी विकणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवले पुलाजवळ उतरलो. तिथून आंबेगावला पीएमटी घ्या, रिक्षावाले नवखा माणूस बरोबर ओळखतात. दोन टॉवरच्या मधे आमचा गोठा आहे. टॉवरवाल्यांना तूप पाहिजे असतं, शेण नको असतं.

सकाळी बरणी कागदात गुंडाळून बिबवेवाडी गाठली. लॅब एका झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. खाली वडापाव बरा मिळतो. मॅडमनी थोडं तूप पातळ करून काचेच्या नळीत घेतलं आणि यंत्राच्या अंधाऱ्या खणात ठेवलं. यंत्र तुपावर उजेड टाकतं, मग तूप स्वतःचा उजेड परत देतं. प्रत्येक पदार्थाचा उजेड वेगळा, त्यावरून आत काय आहे ते कळतं. फ्लुरोसन्स म्हणतात त्याला. पडद्यावर एक टेकडी उठली. मॅडम मान हलवत होत्या, तेवढ्यात लाल बाजूला आणखी एक टेकडी आली.

“अहो, हे तुपाचं नाही. झाडापाल्यातलं हिरवंच असा लाल उजेड देतं. काहीतरी हिरवं आहे यात. काय घातलंय?”

“काहीच नाही, मॅडम. शुद्ध आहे.”

“नक्की?”

“आईची शपथ.”

रिपोर्टात आलं, ‘वनस्पतिजन्य मिसळ असल्याची शंका.’ मला दुकानदाराला कळवायची घाई होती, त्याला तिथूनच फोन लावला. त्यालाही तेच सांगितलं, रिपोर्टात शंका आलीय पण काहीच घातलेलं नाही.

घरी आलो. आई वैरण टाकत होती.

“आई, तुपात काय घातलंस?”

“म्या? पान्याचा थेंब न्हाई घातला.”

“मग हिरवं काय?”

“हिरवं? कढवताना इड्याचं पान टाकलं आसंल. ते का घालनं हाय? ते टाकतातच.”

विड्याचं पान! जन्मभर ते कढवलेलं कुरकुरीत पान मीच तर खात आलो होतो. घातलंय असं कधी वाटलंच नाही.

मॅडमना जाऊन सांगितलं, त्यांना पटलं. “पण यंत्राला पान आणि भेसळ वेगळी कळत नाही हो. त्याला हिरवं दिसतं. पान न घालता आणा.”

आईने तोंड बारीक करून बिनपानाचं तूप कढवलं. रिपोर्ट स्वच्छ आला. तो घेऊन सदाशिव पेठेत गेलो. जाणार असाल तर एक ते चार जाऊ नका, पुढचं मी सांगायला नको. दुकानदाराने बोटावर तूप घेतलं, हुंगलं.

“हे ते नाही.”

“त्यात पान होतं, यात नाही.”

“आधी म्हणालात काहीच नाही. मग पान निघालं. उद्या काय निघेल?”

“अहो, पान सगळेच घालतात.”

“मग ते सगळे घेतील तुमचं तूप. निघा आपण.”

बुधवार पेठेपर्यंत चालत आलो. दगडूशेठच्या बाहेरूनच हात जोडले. मागायला काही सुचलं नाही.

रजा संपली तशी परत आलो. इथे खोलीवर पानाच्या तुपाची ती पहिली बरणी आहे. तळाशी कण बसलेत. भातावर पुरवून घेतो.

काल आईचा फोन होता. दोन म्हशी गेल्या, एक घरापुरती ठेवली आहे. म्हटलं, तूप करतेस ना?

“करते की. पर पान न्हाई घालत आता.”

“घरच्यात पण नाही?”

“न्हाई. कुनी इचारलं काय घातलंय, तर काय न्हाई म्हनताना जीभ अडखळाय नको.”