दाबून धरणाऱ्या बाई

बाईंनी माऊसचं बटण एकदा दाबलं की ते कुणाच्या बापाला सोडवता येत नसे. परभणीच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात त्या वयानं सगळ्यांत मोठ्या विद्यार्थिनी. आम्ही एका टिचकीत मेनू उघडायचो, दुसरीत हवी ती ओळ निवडायचो. बाई बटण दाबूनच ठेवत, बाण खाली ओढत नेत आणि हवी ती ओळ आली की बोट उचलत. छापखान्यातल्या जुन्या मशीनवर त्या हेच शिकल्या होत्या. तिथं बोट सुटलं की मेनू मिटायचा.

सरांना हे खपत नसे. "बाई, सोडा ते बटण! माऊस आहे तो, बैलाचा कासरा नाही."

बाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणत, "काम व्हायलंय का न्हाई ते बघा की सर. बोटाकडं काय बघायलाव?"

मशीन दोन्ही पद्धती मुकाट्यानं ऐकत होतं. अडत होतं ते फक्त सरांचं.

परीक्षेत मात्र माझा जीव टांगणीला लागला. सर्टिफिकेट मिळालं तरच छापखान्याचे मालक बाईंना कायम करणार होते. परीक्षेत टाईप करायला दिलेलं पत्र बाईंचं सगळ्यांच्या आधी छापून निघालं, एक चूक नव्हती. सर म्हणाले, "एकदा फक्त माझ्यासारखी टिचकी मारून दाखवा, पास करतो."

मी मागून कुजबुजले, "मारा ना बाई."

त्या उठून उभ्या राहिल्या. "पत्र चुकलं आसंल तर नापास करा सर. बोटासाठी मी वाकणार न्हाई."

सरांनी खरंच नापास केलं. नोकरी गेली. त्या कुजबुजीची मला आजही लाज वाटते.

पुढे बाई सेलूच्या बाजारात एका डीटीपीच्या दुकानात लागल्या. विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच आठवड्यात मी बायोडाटा करून घ्यायला त्यांच्याकडे गेले. माझ्या जुन्या कागदावर विद्यापीठाचं जुनं नाव होतं. बाईंनी मला विचारलंसुद्धा नाही, सरळ नवं टाईप केलं. मग फाइलचा मेनू उघडून बाण 'प्रिंट'वर आणला आणि थांबल्या. बोट दाबलेलंच.

"बाई, सोडा की आता," मी हसत म्हणाले.

"सोळा वर्षं धरून ठिवलंय गं आमी. आदी माजी माय नामांतराच्या मोर्चात चालली, मंग मी. थांब जरा. बघू दे मला."

डोळे भरून त्यांनी ते नाव बघितलं आणि मगच बोट उचललं.